तुमच्या नावावर दुसऱ्याचं कर्ज: क्रेडिट रिपोर्ट मागवण्यापासून तक्रार तडीस नेण्यापर्यंत

बहुतेकांना आपला क्रेडिट रिपोर्ट पहिल्यांदा दिसतो तो बँकेच्या शाखेत, साहेबांच्या स्क्रीनवर, आणि तोही 'तुमचं सिबिल बसत नाही' हे ऐकून झाल्यावर. तोवर फ्लॅटचा बयाणा देऊन झालेला असतो किंवा मुलीच्या फीची तारीख तोंडावर आलेली असते, आणि अहवालात कधीही न घेतलेलं दहा-बारा हजारांचं कर्ज थकीत दिसत असतं.

हा अहवाल म्हणजे तुमच्या नावावरची कर्जं आणि त्यांची परतफेड यांची नोंद. तो मागण्याचा, वाचण्याचा आणि त्यातली चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी एजंट लागत नाही, सुरुवातीला वकीलही लागत नाही, आणि बहुतेक पायऱ्या फुकट आहेत. एका गोष्टीला मात्र पर्याय नाही: प्रत्येक तक्रार लेखी हवी, तिच्यावर तारीख हवी आणि तिची पोच तुमच्याकडे हवी. पुढची मुदत आणि भरपाई त्या तारखेपासूनच मोजली जाते. फोनवर कितीही वेळ बोललात तरी कागदावर तो दिवस उमटत नाही.

ही माहिती ठेवतं कोण?

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण भारतात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली रिझर्व्ह बँक त्यांना नोंदणी देते आणि त्यांच्यावर देखरेख ठेवते. 2015 पासून प्रत्येक बँकेने आणि वित्तकंपनीने चारही ठिकाणी सभासद असणं बंधनकारक आहे. म्हणून एकीकडे दिसणारं बोगस कर्ज बाकी तिघांकडेही असेल असं धरूनच चाला.

या कंपन्या स्वतः काहीही शोधून काढत नाहीत. बँक जे कळवते तेच त्या नोंदवतात, आणि बँकेने होकार दिल्याशिवाय त्या नोंदीत बदल करत नाहीत. पुढच्या सगळ्या धावपळीचा केंद्रबिंदू त्यामुळे कर्ज देणारी संस्था हाच राहतो. सिबिलच्या साइटवर तक्रार टाकून नुसतं वाट पाहत बसणाऱ्यांचे महिने इथेच वाया जातात.

पायरी पहिली: फुकटचा पूर्ण अहवाल मागवा

1 जानेवारी 2017 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, चारपैकी प्रत्येक कंपनीने तुम्हाला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल, स्कोअरसकट (म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून दिलेल्या गुणांसकट), विनामूल्य द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल. मी सगळ्यांना सांगते, ते एकदम काढू नका. जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, जुलैत तिसरा, ऑक्टोबरमध्ये चौथा. वर्षभर नजर राहते आणि खर्च शून्य. फसवणुकीचा संशय असेल तेव्हा मात्र चारही त्याच दिवशी काढा.

त्या त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. फुकट अहवालाची लिंक ठळकपणे दाखवावी असं रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये बजावलेलं आहे, पण शेजारीच महिन्याच्या, वर्षाच्या सशुल्क योजनांची बटणं असतात आणि नवा माणूस घाईत तिथेच पैसे भरतो. कार्डाचे तपशील मागणारं पान आलं तर मागे फिरा. फुकटच्या अहवालाला कार्ड लागत नाही.

पॅन, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल आणि ईमेल भरला की ओटीपी येतो. कधी कधी ओळख पटवायला तुमच्या जुन्या कर्जाबद्दल एखादा प्रश्न विचारतात. मोबाइल नंबर बदललेला असेल तर इथे गाडी अडते. मग ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याच्या सही केलेल्या प्रती जोडून ईमेलने किंवा टपालाने अर्ज करा. आपल्याकडे अनेक बायकांच्या कर्जाच्या कागदावर नवऱ्याचा किंवा गटप्रमुख ताईंचा नंबर असतो. मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेल्या महिलांनी आधी आपल्या शाखेत जाऊन स्वतःचा नंबर लावून घ्यावा, नाहीतर ओटीपी आणि इशारे सगळे दुसऱ्याच्याच हातात पडतात.

आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतकी खोलवर बसली आहे की माणसं वर्षानुवर्षं अहवाल उघडत नाहीत. बँकेने कर्जाच्या अर्जासाठी अहवाल काढला तर त्याची चौकशी म्हणून नोंद होते. तुम्ही स्वतः काढलात तर ती स्कोअरमध्ये धरली जात नाही.

'फ्री स्कोअर बघा' म्हणणारी ॲप्स शक्यतो टाळा. तिथे संमतीच्या चौकटीवर टिक करताना तुमचा अहवाल वेळोवेळी काढायची परवानगीही जाते, आणि नंतर कर्ज घ्या म्हणून फोन सुरू होतात.

कर्जाचा अर्ज आधीच फेटाळला गेला असेल तर आणखी एक वाट आहे. 2005 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार, तुमच्या अर्जासाठी बँकेने जो अहवाल काढला त्याची प्रत तुम्ही त्या बँकेकडे मागू शकता. 'आम्हाला दाखवता येत नाही' असं काउंटरवर सांगितलं तर लेखी मागा.

पायरी दुसरी: अहवाल शेवटच्या पानापासून वाचा

स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो आणि सगळ्यांचे डोळे आधी तिकडे जातात. फसवणूक शोधायची असेल तर स्कोअर बाजूला ठेवून थेट चौकशांच्या यादीकडे, म्हणजे 'एन्क्वायरी' विभागाकडे जा. तुमच्या नावाने कोणी कर्ज मागितलं की सर्वांत आधी खूण पडते ती इथे, कर्ज मंजूर होण्याच्याही आधी. ज्या संस्थेत तुम्ही कधी पाऊल टाकलं नाही, ॲपवरही अर्ज केला नाही, तिचं नाव, तारीख आणि रक्कम दिसली तर लगेच टिपून घ्या. एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार, कोणत्याही संस्थेने तुमचा अहवाल पाहिला की पतमाहिती कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा आहे. तो जाहिरातीचा मेसेज समजून पुसू नका. त्याच दिवशी त्या संस्थेला 'हा अर्ज माझा नाही' असं लिहून कळवलंत तर पुढचं बरंचसं संकट तिथेच थांबू शकतं.

मग वैयक्तिक माहिती पाहा. तुमचा नसलेला पत्ता, अनोळखी मोबाइल नंबर, चुकीचा ईमेल या गोष्टी किरकोळ वाटतात, पण फसवणाऱ्याने अर्जात दिलेला नंबर इथेच उमटतो. तो पुढे पोलिसांच्या कामी येतो. म्हणून दुरुस्ती मागण्याआधी त्या पानाची प्रत जपून ठेवा.

आता खात्यांचा विभाग. समजायला एक काल्पनिक नोंद घेऊ. खात्याचा प्रकार पर्सनल लोन, मालकी वैयक्तिक, मंजूर रक्कम 12,000, शिल्लक 14,860, थकीत 14,860. 'शेवटचा हप्ता भरल्याची तारीख' ही जागा रिकामी. त्याखाली महिन्यांच्या चौकटींत 000, 025, 056, 086, 117 असे आकडे. हे आकडे म्हणजे त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा होता त्याचा हिशेब. पहिल्या महिन्यात हप्ता लागलाच नव्हता म्हणून शून्य. नंतर तो कधीच भरला गेला नाही, म्हणून आकडा चढत गेला. 90 दिवसांच्या वर गेलं की बँकेच्या लेखी ते खातं बुडीताकडे झुकलेलं. खरा कर्जदार अडचणीत आला तरी निदान दोन-चार हप्ते भरतो. एकही हप्ता न भरलेलं छोटं कर्ज दिसलं की आधी बनावट अर्जाची शंका घ्या.

पण लगेच फसवणूक म्हणून ओरडण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण निम्मा गोंधळ इथेच सुटतो. एक, दुकानातून हप्त्यावर मोबाइल किंवा फ्रीज घेतला असेल किंवा 'नंतर पैसे भरा' ही सोय वापरली असेल, तर अहवालात दुकानाचं वा ॲपचं नाव येत नाही, मागच्या वित्तकंपनीचं येतं. दोन, बँका विलीन झाल्या. देना आणि विजया 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट 2020 मध्ये कॅनरात. जुनं कर्ज नव्या नावाने दिसू शकतं. तीन, मालकीच्या रकान्यात 'गॅरंटर' लिहिलेलं असेल तर तुम्ही कुणाला तरी जामीन राहिला आहात. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला पंधरा वर्षांपूर्वी केलेली सही माणूस विसरतो, बँक विसरत नाही. ती नोंद खरी असते आणि तक्रार करून जात नाही.

या तिन्हींत न बसणारं खातं असेल तरच पुढे वाचा.

पायरी तिसरी: कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा

संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. ॲपवरून दिलेलं कर्ज असलं तरी मागे रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालची एखादी संस्था असते आणि अहवालात तिचंच नाव असतं. पत्र तिला लिहा, ॲपच्या चॅटवर नाही. मजकूर साधा आणि नेमका असू द्या. असा:

'आपल्या संस्थेने पतमाहिती कंपनीला कळवलेले खाते क्रमांक ____, मंजुरी दिनांक ____, रक्कम रु. ____ हे माझ्या दिनांक ____ च्या अहवालात दिसत आहे. हे कर्ज मी मागितलेले नाही, त्याची रक्कम मला मिळालेली नाही आणि कोणत्याही करारावर मी सही किंवा ई-सही केलेली नाही. माझ्या ओळखीचा गैरवापर झाला आहे. कृपया पुढील गोष्टी द्याव्यात: कर्जाचा अर्ज व करार, जोडलेली ओळखपत्रे व छायाचित्र, ज्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवला तो क्रमांक, ज्या बँक खात्यात रक्कम जमा केली त्याचा तपशील व व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी, नोंद वादग्रस्त म्हणून दाखवावी आणि त्यानंतर ती सर्व पतमाहिती कंपन्यांकडून काढून घ्यावी. हे पत्र माझी तक्रार समजून तिचा क्रमांक कळवावा.'

या पत्रातली सगळ्यांत वजनदार ओळ आहे पैसे कोणत्या खात्यात गेले ही. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार, काही ठरावीक अपवाद सोडले तर कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यात जायला हवी. ज्या खात्यात पैसे गेले ते तुमचं नसेल तर कर्ज तुम्ही घेतलं हे सिद्ध करणं संस्थेला फार अवघड होऊन बसतं. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेचं प्रकरण याच एका प्रश्नावर सुटलं. अर्जावर पॅन तिचं होतं, फोटो दुसऱ्याच बाईचा होता आणि खातं तिने कधी नावही न ऐकलेल्या गावातल्या शाखेतलं. हे कागद मागेपर्यंत कंपनी तिला 'मॅडम, हप्ता भरून टाका' एवढंच सांगत होती.

आणि हप्ता भरून टाकू नका. एक रुपयाही नाही. 'आधी भरा, मग नोंद काढू' हे वसुलीवाल्यांचं नेहमीचं बोलणं आहे, आणि लग्न किंवा घर तोंडावर आलेला माणूस बारा हजारांसाठी कशाला भांडा म्हणून भरतो. भरलेला हप्ता हीच कर्ज कबूल केल्याची खूण म्हणून पुढे दाखवली जाते. तडजोड केली तर खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो, आणि तो थकीतपेक्षा फारसा बरा मानत नाहीत. तुमचं नसलेलं कर्ज 'बंद' व्हायला नको आहे, ते अहवालातून निघायला हवं आहे.

वसुलीचे फोन येत राहिले तर वेळ, नंबर आणि बोलणं टिपून ठेवा. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ किंवा धमकी देणं, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना सांगून तुमची बदनामी करणं, हेही नियमात बसत नाही. प्रत्येक वेळी 'हे खातं वादग्रस्त आहे, माझा तक्रार क्रमांक अमुक' एवढंच म्हणा आणि फोन ठेवा. पॅन, आधार, जन्मतारीख असं काहीही फोनवर सांगू नका. फोन करणारा खरा वसुलीवालाच आहे याची खात्री तुम्हाला नसते.

पायरी चौथी: पतमाहिती कंपनीकडे वाद नोंदवा

संस्थेला पत्र गेलं त्याच दिवशी हेही करा. अहवालावर एक नियंत्रण क्रमांक असतो, तो लागतो. कंपनीच्या साइटवर 'डिस्प्यूट' या भागात जाऊन ते खातं निवडा आणि 'हे खातं माझं नाही' हा पर्याय घ्या. नुसती 'रक्कम चुकीची आहे' अशी तक्रार टाकलीत तर संस्था रक्कम तपासून 'बरोबर आहे' म्हणते आणि तक्रार बंद होते. सोबतच्या बोगस चौकशा, चुकीचे पत्ते आणि नंबर यांच्यावरही वेगवेगळ्या नोंदी करा. ज्या ज्या कंपनीच्या अहवालात ते कर्ज आहे तिथे तिथे हे करावं लागतं. वाद नोंदवायला पैसे लागत नाहीत.

आता मुदतीकडे नीट लक्ष द्या. तुम्ही तक्रार केल्यापासून 30 दिवसांत तिचा निकाल लागायला हवा. त्यातले 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला दुरुस्त माहिती पाठवायला आहेत, उरलेले पतमाहिती कंपनीला. 30 दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये तुम्हाला मिळायला हवेत. हा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढला आणि तो एप्रिल 2024 च्या अखेरीस लागू झाला. समजा निकाल 50 व्या दिवशी लागला, तर 20 दिवसांचे 2,000 रुपये. 21 दिवस चुकवले असतील तर संस्था देते. संस्थेने वेळेत कळवूनही पतमाहिती कंपनी रेंगाळली तर ती देते. निकालानंतर 5 कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत, म्हणून तक्रारीतच आपला बँक खाते क्रमांक द्या. स्कोअर कसा काढला याबद्दलच्या तक्रारींना ही भरपाई लागू नाही.

दोन हजार रुपयांनी कुणाचं नुकसान भरून येत नाही हे खरं. तरी भरपाई मागाच. दर दिवसाला पैसे मोजावे लागतात म्हटल्यावर फाइल हलते, आणि लेखी मागितल्याशिवाय ती मिळाल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

तक्रार फेटाळली तर कारण कळवणं बंधनकारक आहे. 'संस्थेने माहिती बरोबर असल्याचं सांगितलं' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कागदाच्या आधारे सांगितलं, ते मागा.

पायरी पाचवी: पोलिसांकडे

इथे दोन प्रकार वेगळे करा. तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील, तर हे सगळं वाचत बसू नका: आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग आपल्या बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि ते वाटेत गोठवायचे तर मिनिटं महत्त्वाची असतात. बँकेला तुम्ही जितक्या लवकर कळवाल तितकी तुमची स्वतःची जबाबदारीही कमी राहते.

तुमच्या नावावर कर्ज काढलं गेलं असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर, तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. अहवालाची प्रत, संस्थेला दिलेलं पत्र, त्याची पोच आणि आपली ओळखपत्रं घेऊन जा. ठाणे अंमलदाराला समजेल असं एक पानी निवेदन तयार ठेवा: कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, किती रकमेचं कर्ज तुमच्या नावावर दाखवलं आणि तुम्हाला ते कधी कळलं.

'हा बँकेचा वाद आहे, दिवाणी आहे' असं पुष्कळदा ऐकावं लागतं. तसं नाही. दुसऱ्याच्या नावाने वावरून फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 खाली गुन्हा आहे, आणि दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक ओळखीचा गैरवापर हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 सी खाली. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याची पर्वा न करता तक्रार घ्यावी लागते. ऑनलाइन दिलेली माहिती तीन दिवसांत सही करून पक्की करता येते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. तरीही नोंदवली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, आणि शहरात असाल तर आयुक्तालयात वरिष्ठांना. तिथूनही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पोलिसांत तक्रार झाली म्हणून अहवाल आपोआप साफ होत नाही, आणि अहवाल साफ झाला म्हणून चोर सापडत नाही. या दोन वेगळ्या वाटा आहेत, दोन्ही चालाव्या लागतात. एफआयआरची किंवा निदान पोर्टलच्या तक्रारीची प्रत संस्थेला आणि पतमाहिती कंपनीला पुरवणी म्हणून पाठवा. एवढ्याने त्यांच्या उत्तराचा सूर बदलतो.

पायरी सहावी: लोकपाल

30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. ही सोय 2021 पासून एकत्रित स्वरूपात आहे आणि 1 सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही तिच्याखाली आल्या. म्हणजे बँक आणि सिबिल एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर दोघांविरुद्ध तक्रार करता येते. पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, आणि चौकशीसाठी 14448 हा नि:शुल्क क्रमांक, त्यावर मराठीतही बोलता येतं. फी नाही, वकिलाची गरज नाही. आधी संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असणं ही मात्र अट आहे, आणि सुरुवातीला घेतलेली ती पोच इथे उपयोगी पडते. तीच जोडली नाही म्हणून चांगल्या तक्रारी परत येतात.

मागणी नेमकी लिहा: नोंद काढावी, चारही कंपन्यांना कळवावं, दिवसाला 100 रुपयांप्रमाणे इतकी भरपाई द्यावी, आणि कर्ज नाकारलं गेल्यामुळे अमुक नुकसान झालं त्याचे हे पुरावे. नुसतं 'न्याय मिळावा' लिहिलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला काय आदेश द्यायचा ते कळत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर ती लोकपालांच्या कक्षेत येत नाही, तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं. मोठं नुकसान झालं असेल तर ग्राहक आयोगाचं दार आहेच. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

दरम्यान, पुन्हा होऊ नये म्हणून

ज्याच्याकडे तुमचं पॅन आणि आधार पोहोचलं आहे तो एका कर्जावर थांबेलच असं नाही. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहा आणि अनोळखी नंबर तिथेच कळवा; बोगस कर्जाच्या मागे पुष्कळदा बोगस सिम असतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि कुठे कुठे आधार वापरलं गेलं त्याचा इतिहास आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर तपासा. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी, दिनांक अमुक', आणि सही करा. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर व्हॉट्सॲपने पाठवलेली फाइल काम झाल्यावर समोर उभं राहून पुसून घ्या. संकोच वाटतो, पण तो बाजूला ठेवा.

परदेशात गेलेल्यांनीही इथलं पॅन विसरू नये. वर्षानुवर्षं न वापरलेलं पॅन आणि बंद पडलेला भारतीय मोबाइल नंबर असेल तर इशारे कुणापर्यंतच पोहोचत नाहीत. निदान वर्षातून एकदा अहवाल मागवा. ओळख पटवायला पासपोर्ट चालतो.

आणि 'सिबिल क्लीन करून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खरी थकबाकी कुणालाच पुसता येत नाही, आणि खोटी नोंद काढायची तर वर सांगितलेलीच वाट आहे, जी तुमच्यासाठी फुकट आहे. हे लोक दहा-पंधरा हजार घेतात आणि वर तुमचं पॅन, आधार, ओटीपी घेऊन जातात.

नोंद निघाल्यावर

संस्थेकडून लेखी पत्र घ्या. त्यात खाते क्रमांक, 'हे कर्ज सदर व्यक्तीने घेतलेले नाही' हे वाक्य आणि नोंद काढायला कळवल्याची तारीख हवी. नुसतं 'खाते बंद' किंवा 'येणे बाकी नाही' असं पत्र घेऊ नका. त्याचा अर्थ कर्ज होतं आणि फिटलं असा होतो. 1 जानेवारी 2025 पासून संस्थांनी निदान दर पंधरवड्याला माहिती कळवायची आहे, त्यामुळे महिन्याभराने नवा अहवाल काढला तर बदल दिसायला हवा. त्या वर्षीचा फुकट अहवाल वापरून झाला असेल तर दुरुस्त अहवालाची प्रत तक्रारीच्या उत्तरासोबतच मागा. चारही ठिकाणी पाहा, आणि त्या कर्जासाठी पडलेली चौकशीही निघाली का ते पाहा. खातं जातं, चौकशी राहून जाते, असं बऱ्याचदा होतं.

ते पत्र मूळ कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, घराच्या खरेदीखताशेजारी. थकीत कर्जांची गाठोडी वित्तकंपन्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, आणि तुमचं मिटलेलं प्रकरण चुकून त्या गाठोड्यात गेलं तर दोन वर्षांनी नव्याच नावाने फोन येतो. तेव्हा पत्राची प्रत, एफआयआर आणि लोकपालांचा निकाल असं तिन्ही त्याच दिवशी ईमेल करा आणि त्या तारखेपासून पुन्हा 30 दिवस मोजायला लागा.